नकाशातली रेघ आणि ओहळापलीकडचे शेत



आपल्या अभ्यासवर्गांत आपण आरोग्य, बचत गट, व्यसनमुक्ती असे विषय घेत आलो आहोत. या वेळी नकाशा हा विषय घेत आहे. कार्यकर्त्यांना तो कोरडा वाटेल. मलाही वाटत होता. तो का घ्यावा लागला ते सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही सांगते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात एक कोकणा आजी राहतात. त्यांचे सासरे, मग नवरा आणि आता मुलगा, अशा तीन पिढ्यांनी जंगलाच्या कडेचा एकच प्लॉट कसला आहे. नागली, वरई, थोडी खुरासणी. मधून ओहळ वाहतो. ओहळाच्या अलीकडे थोडी जमीन, पलीकडे जास्त. सगळी मिळून तीन एकरांच्या आसपास. वनहक्क कायद्याखाली दावा केला होता, मोजणीचा दिवस ठरला आणि नेमकी त्याच सकाळी नात तापाने फणफणली. आजींनी मला विचारले, "ताई, मी मोजणीला थांबू का?" मी म्हणाले, "आजी, तुम्ही पोरीला घेऊन दवाखान्यात जा. समितीची माणसे आहेत, जीपीएसचे यंत्र आहे. यंत्र चुकत नाही."

प्रमाणपत्र आले तेव्हा त्यावर ०.५० हेक्टर लिहिले होते, म्हणजे जेमतेम सव्वा एकर. यंत्र घेऊन फिरलेला तरुण ओहळापर्यंत गेला आणि तिथून वळला. पलीकडे शेत आहे हे त्याला सांगायला कुणी नव्हते. यंत्र खरेच चुकले नव्हते. माणूस ज्या वाटेने चालला, ती वाट त्याने बरोबर नोंदवली होती.

त्या दिवसापासून मी नकाशे वाचायला शिकते आहे. जे समजले ते इथे मांडते.

देशाचा नकाशा

आपल्या देशाचे मूळ नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. हा विभाग १७६७ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सुरू झाला. त्याचे मुख्यालय आज देहरादूनला आहे. १८०२ साली मद्रासजवळून विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोण मांडत देश मोजायला सुरुवात केली. हेच काम पुढे अनेक दशके चालले आणि त्यातूनच हिमालयाच्या शिखरांची उंची कळली. समुद्राची खोली, किनारे आणि बंदरे यांचे नकाशे भारतीय नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग काढतो. त्याचे कार्यालयही देहरादूनलाच आहे.

सर्वेक्षण विभागाचे नेहमीचे नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे असतात. म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर तर जमिनीवर अर्धा किलोमीटर. आता हिशोब करून पाहा. एक एकराचे चौकोनी शेत घेतले तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर येते. या नकाशावर ती सव्वा मिलिमीटर होईल, म्हणजे नागलीच्या एका दाण्याएवढी. डोंगर, नदी, रस्ता दाखवायला हा नकाशा उत्तम आहे. पण त्यात आजींचे शेत दिसत नाही, म्हणून ते जमिनीवर नाही असे कुणी म्हणू लागले, तर तो नकाशाचा दोष नव्हे, वाचणाऱ्याचा दोष आहे. प्रत्येक नकाशा एका कामासाठी काढलेला असतो. तो हातात घेतला की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा कोणत्या कामासाठी काढला?

गावाचा नकाशा

शेतांचा नकाशा महसूल खात्याचा. आपल्या भागात त्याची पद्धत १८३० च्या दशकात बसली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून सुरुवात केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपण रोज बोलतो तो गुंठा त्या साखळीतून आलेला आहे.

ही मोजणी कशासाठी होती? सारा ठरवण्यासाठी. कोणत्या जमिनीवर किती आकार बसवायचा, हे सरकारला हवे होते. बांध घातलेले, दर वर्षी पिकणारे शेत त्या वहीत सहज बसते. डोंगरउतारावर दोन-तीन वर्षे नागली-वरई घेऊन जमीन पडीक सोडायची आणि पुन्हा तिथेच यायचे, ही आपल्या लोकांची रीत त्या वहीत बसवणे कठीण होते.

आज हे काम भूमी अभिलेख विभागाकडे आहे. त्याचे प्रमुख, जमाबंदी आयुक्त, पुण्याला बसतात. तालुक्याला उपअधीक्षकांचे कार्यालय असते आणि प्रत्यक्ष मोजणी भूकरमापक करतात. गावनकाशावर गट नंबर असतात. त्याच गटाचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो. सातबाऱ्यात दोन नमुने एकत्र असतात. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे हे लिहिलेले असते, तर गाव नमुना १२ मध्ये काय पिकले हे. क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहितात. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जंगलाचा नकाशा

तिसरा नकाशा वन खात्याचा. त्यात गट नंबर नसतात, कक्ष क्रमांक असतात. म्हणून एकच उतार महसुली कागदावर एका नंबराने आणि वन खात्याच्या कागदावर दुसऱ्या नंबराने ओळखला जातो. दोन्ही नंबर माहीत नसतील, तर माणूस दोन कार्यालयांमध्ये हेलपाटे घालत राहतो.

जंगलाची हद्द ठरली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम ४ प्रमाणे सरकार आधी जाहीर करते की अमुक जमीन राखीव वन करायची आहे. मग हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत मिळते, चौकशी होते आणि शेवटी कलम २० प्रमाणे राखीव वन जाहीर होते. त्याच कायद्याचे कलम ९ सांगते की ज्या हक्काची कुणी मागणीच केली नाही आणि चौकशीतही जो नजरेस आला नाही, तो हक्क संपला. थोडा विचार करा. ज्या पाड्यावर एकालाही वाचता येत नव्हते, तिथे जाहीरनामा कितीही नियमाप्रमाणे लागला तरी त्याचे काय होणार? लोक गप्प राहिले, आणि त्यांचे गप्प राहणे हाच त्यांचा जबाब ठरला.

आणखी एक गोंधळ टाळावा. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून देशातले वनाच्छादन मोजते. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांची सावली किमान दहा टक्के असेल, तर ती जागा मोजणीत धरतात. मालकी कुणाची हे तिथे पाहत नाहीत. म्हणून आमराईसुद्धा वनाच्छादनात येते, आणि कागदावरच्या राखीव वनात एकही झाड नसले तरी ते राखीव वनच राहते. "उपग्रहात जंगल दिसते" आणि "कायद्याने जंगल आहे" ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

पाण्याचे काय?

नकाशावर ओहळाची निळी रेघ असते. पण उन्हाळ्यात बायका ज्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात, तो झिरा बहुधा कोणत्याच नकाशावर नसतो. कायद्याने मात्र पाणी विसरलेले नाही. वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतले मासे आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क सांगता येतो. अनुसूचित क्षेत्रातल्या लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतींकडे असावे, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. तसेच पिण्याच्या पाण्याची टाकी, नळ किंवा छोटे सिंचन यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. पण ग्रामसभेला आपले पाणी कुठे आहे हे कागदावर दाखवता आले पाहिजे.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६ साली झाला. आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन स्वतः कसलेली असावी लागते. हक्क प्रत्यक्ष ताब्यातल्या क्षेत्रावर, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत मिळतो. विवाहित असल्यास प्रमाणपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे होते. ते वारसांकडे जाते, पण विकता येत नाही.

पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात. सरकारी कागद, जुने नकाशे, दंडाच्या पावत्या चालतात. गावातल्या वृद्धांचे लेखी जबाबही चालतात. जमिनीवरच्या खुणा, म्हणजे विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान, याही चालतात. उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येते, त्यांच्या जागी नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. याचे कारण आपल्याला शेतावर उभे राहूनच कळते. नागली पावसाळ्यात असते, आणि पावसाळ्यात आकाशात ढग असतात. स्वच्छ चित्र मिळते ते उन्हाळ्यात, जेव्हा उतार उघडा पडलेला असतो.

ग्रामसभेच्या ठरावावर हरकत असेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जावे. तिच्या निर्णयावर हरकत असेल तर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे जाण्याची सोय २०२० पासून आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी मागावे.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाचे नाव आपण ऐकले असेल. २००९ साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आपले जंगल कुठपर्यंत, हे सांगू शकणारे गाव काय करू शकते, त्याचे हे उदाहरण आहे.

खळ्यावरचा नकाशा

आजींच्या पाड्यावर आम्ही मागाहून जे केले, ते आधी करायला हवे होते. खळ्यावर सगळ्यांना बसवले. राखेने ओहळ काढला, दगड मांडून घरे केली, पाने ठेवून जंगल केले. पुरुषांनी शेते दाखवली. बायकांनी पाणी दाखवले. पाच झिरे, प्रत्येकाला नाव, कोणता कधी आटतो तेही. मग आजी उठल्या, ओहळाच्या पलीकडे एक खडा ठेवला आणि म्हणाल्या, "हा वाघदेव. आमचं शेत इथवर."

मी दोन क्षण गप्प बसले. मी प्रार्थनेला जाणारी बाई, वाघदेवाकडे कधी नीट पाहिले नव्हते. पण तो दगड पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, हे पाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. सीमेची खूण म्हणून त्याच्याइतका पक्का साक्षीदार माझ्या फाइलीत एकही नव्हता.

बायबलमध्ये यहोशवाच्या १८ व्या अध्यायात देशाच्या मोजणीची हकीकत आहे. प्रत्येक वंशातून तीन-तीन माणसे निवडली, ती देशभर पायी फिरली आणि सात भाग करून वहीत नोंद घेऊन आली. मोजणाऱ्यांत प्रत्येक वंशाचा माणूस होता, ही गोष्ट मला नेहमी आवडत असे. आता तोच अध्याय वाचताना दुसरेही दिसते : त्या देशात आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. वही लिहिताना कोण हजर होते आणि कोण नव्हते, हे पाहायला मला आजींच्या शेताने शिकवले.

वनहक्क समितीने पुन्हा मोजणी केली. या वेळी यंत्र घेतलेल्या मुलाच्या पुढे आजी काठी टेकत चालल्या, ओहळ ओलांडून वाघदेवापर्यंत. चार वृद्धांचे जबाब लिहिले, ग्रामसभेने ठराव केला, दुरुस्तीचा अर्ज दाखल झाला. निकाल अजून आलेला नाही. या पावसाळ्यातही आजींच्या मुलाने पलीकडच्या तुकड्यात नागली लावली आहे. कागदावर ती जमीन अजून त्यांची नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती. मोजणीच्या दिवशी घरातले, शेत पायाखालचे असलेले माणूस शेतावर हजर राहील असे पाहा. अडचण असेल तर दिवस बदलून मागा. आणि यंत्र चुकत नाही, असे कुणाला सांगू नका.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी

१. आपल्या गावाचा गावनकाशा कुणी पाहिला आहे का? आपल्या शेताचा गट नंबर किंवा कक्ष क्रमांक कोणता?

२. खळ्यावर आपल्या पाड्याचा नकाशा काढा. सरकारी नकाशात नसलेल्या कोणत्या तीन जागा त्यात आल्या?

३. आपल्या हद्दीच्या जुन्या खुणा कोणत्या? त्या सांगू शकणारे वृद्ध कोण आहेत? त्यांचे म्हणणे लिहून कधी घ्यायचे, ते आजच ठरवा.

४. गावातल्या ज्या कुटुंबांना प्रमाणपत्र मिळाले आहे, त्यांचे कागदावरचे क्षेत्र आणि कसलेले क्षेत्र जुळते का? दोघांची नावे आहेत का?