परडं हासुद्धा एक कारखानाच



मागच्या अंकात आम्ही खोडव्यातल्या पाचटाविषयी लिहिलं होतं. ते वाचून एका सभासदांनी आम्हाला गट ऑफिसच्या दारातच अडवलं. म्हणाले, "साहेब, पाचट पेटवू नका म्हणता, लागणीला एकरी दहा टन शेणखत घाला म्हणता. दावणीला एक म्हस, एक गाय आन् एक कालवड. दहा टन आणायचं कुठनं?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून एक दिवस वही आणि ताणकाटा घेऊन आम्ही त्यांच्या मळ्यातल्या वस्तीवर पहाटे हजर झालो, ते दिवेलागणीला परतलो. हा धडा त्या वहीतून उतरवला आहे. नाव छापायचं नाही अशी घरच्या वहिनींची अट आहे, ती आम्ही पाळतो.

जमीन दोन एकर. एका एकरात लागण, दुसऱ्यात खोडवा. बांधाकडेला पाच गुंठे वैरणीचे. घराच्या मागं परडं, त्यात गोठा, शेळ्यांचं खोपट, डझनभर गावरान कोंबड्या, शेवग्याची दोन झाडं, आळू, मिरची, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी. घरात माणसं पाच. आपल्या कार्यक्षेत्रात अशी वस्ती कुठंही दिसेल, वेगळं असं काही नाही.

पहाटे पाचला वहिनी गोठ्यात शिरल्या. आधी शेण भरलं, मग आंबोण ठेवलं, मग धार. मुलगा किटली घेऊन डेअरीला गेला तोवर आम्ही रात्रीचं शेण काट्याला लावलं होतं. शेण जोखणारा साहेब पहिल्यांदाच पाहिला म्हणून घरच्या आजी पोट धरून हसल्या. दिवस-रात्र मिळून आकडा असा आला : म्हैस १५ किलो, गाय १२ किलो, कालवड ७ किलो. एकूण ३४ किलो. वर्षाचा गुणाकार केला तर सव्वाबारा टनांच्या वर जातो. आकडा ऐकून सभासद खूश झाले, पण हे ओलं शेण आहे. कुजून खत होईतो ते निम्म्यावर येतं, कधी निम्म्याच्याही आत. म्हणजे हाताशी राहिलं पाच-सहा टन. तेही सगळं शेण खड्ड्यात पडलं तर. शेणी थापल्या, अंगण सारवलं, उकिरडा उन्हात उघडा पडला, पावसात त्यातून काळं पाणी वाहून गेलं, की पाचाचे तीन कसे होतात ते कळतही नाही.

मूत्राची गोष्ट तर कुणी धरतच नाही. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो, आणि आपल्या बहुतेक गोठ्यांत तो भुईत मुरतो. या घरी आम्ही एकच गोष्ट बदलायला सांगितली. रोज संध्याकाळी जनावरांखाली दोन पाट्या पाचट अंथरायचं, सकाळी ते भिजलेलं पाचट शेणाबरोबर खड्ड्यात टाकायचं. जनावराला कोरडं बसायला मिळतं, खूर नासत नाहीत, आणि खड्डा लवकर भरतो. पाचट लांबट असेल तर कोयत्यानं दोन तुकडे करावेत, नाहीतर ते कुजायला फार दिवस घेतं.

आता गोबर गॅसकडे वळू. या वस्तीवर २ घनमीटरचा संयंत्र आहे आणि तो वर्षानुवर्षं अर्धपोटी आहे. दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण लागतं, तितकंच पाणी लागतं. यांच्याकडं शेण ३४ किलो. एक घनमीटरचा बांधला असता तर २५ किलोत भागलं असतं, गॅस पुरला असता आणि ९ किलो शेण उरलं असतं. बांधताना कुणी दावण मोजली नाही, खड्डा तेवढा मोजला. ज्यांना नवीन बांधायचा आहे त्यांनी आधी तीन दिवस शेण जोखावं. ज्यांचा मोठा बांधून झालाय त्यांनी त्याला संडास जोडावा. आजींचा याला विरोध आहे आणि त्या वादात आम्ही पडलो नाही.

गॅस काढला म्हणून खत हलकं होतं हा समज मात्र खोटा आहे. नत्र मळीत, म्हणजे स्लरीत, शाबूत राहतो. ती पातळ मळी पाचटाच्या खड्ड्यावर सोडली तर पाचटही भिजतं आणि कुजतं. पाटाच्या पाण्यातून उसालाही देता येते.

पाचटाचा हिशेब यापूर्वी दिला आहे, तरी थोडक्यात. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. खोडवा ठेवणार असाल तर ते शेतातच, सरीत. चार टनांवर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावं. खोडवा मोडायच्या वर्षी त्या एकराचं पाचट खड्ड्याला येतं. ते शेण-मळीत कुजवून दोन टनांच्या आसपास खत धरा. झाले सात-आठ टन.

म्हणजे त्या सभासदांना उत्तर काय? दहा टन होत नाहीत. आम्ही त्यांना तसंच स्पष्ट सांगितलं. उरलेलं तागावर भागवावं. आडसाली लागणीच्या आधी मेअखेर ताग पेरला आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताना गाडला, तर विकतच्या शेणखताची एक ट्रॉली वाचते. विकतच्या खताविषयी आमचं मत बरं नाही. ट्रॉलीत अर्धं कच्चं शेण असतं, वर माती. कच्च्या शेणातून हुमणीची अंडी आणि अळ्या आयत्या शेतात येतात आणि मग श्रावणात ऊस पिवळा का पडला म्हणून आमच्याकडं तक्रार येते. या घरच्या कोंबड्या नांगरामागं दिवसभर हिंडत होत्या आणि हुमणीच्या अळ्या टिपत होत्या. औषधाच्या बाटलीवर त्या लिहिलेल्या नसतात, पण कामाच्या आहेत. हुमणी पडलेल्या रानात नांगरट सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करावी, म्हणजे पाखरांनाही वाव मिळतो.

इथवर शेणाचं झालं. पण त्या दिवशी आमचं सगळं लक्ष गव्हाणीकडं होतं. हंगाम चालू होता आणि गव्हाणीत वरपासून खालपर्यंत वाढंच वाढं. गाय गाभण, शेवटचा महिना.

इथं आम्हाला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. आम्ही कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीला घरी आलो तेव्हा आमची गाय व्यायला टेकली होती. वडिलांनी कर्ज काढून घेतलेली संकरित गाय, दुसरं वेत. हंगामाचे तीन महिने तिला वाढ्याशिवाय दुसरं काही मिळालं नव्हतं. फुकट मिळतंय, हिरवं आहे, जनावर आवडीनं खातंय, मग आणखी काय पाहिजे? गाय व्याली, कालवड झाली, घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बसली ती उठेना. मान वळवून पोटाशी घेतली, कान गार पडले, नाकपुडी कोरडी. आम्हाला वाटलं, थकली असेल. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून गूळ आणि तेल नळीनं घशात ओतलं. आम्हीच जबडा धरला होता. पहाटे ती गेली. डॉक्टर सकाळी आले आणि एवढंच म्हणाले, "रात्री बोलावलं असतं तर एका सलाईनवर उठली असती." कर्ज पुढं दोन वर्षं फिटत होतं. आईनं त्या कालवडीला बाटलीनं दूध पाजून जगवलं, पण आमच्याशी त्या विषयावर ती कधी बोलली नाही.

हा रोग म्हणजे दुधाचा ताप. नावात ताप असला तरी जनावर तापत नाही, उलट गार पडतं. व्याल्यावर दुधावाटे चुना, म्हणजे कॅल्शियम, एकदम जातं आणि रक्तात ते कमी पडतं. बहुधा व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत हे होतं आणि जास्त दुधाच्या गाई-म्हशींना होतं. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे घेऊन जातं. महिनोन्‌महिने नुसतं वाढं खाणारं जनावर वरून भरलेलं दिसतं, पण आतून पोकळ होत जातं. दूध तुटणं, माजावर न येणं, हाडं ठिसूळ होणं, असल्या तक्रारींतही याचा वाटा असतो.

तेव्हा पुढचं नीट ध्यानात घ्या. हिरव्या वैरणीत वाढं निम्म्यापेक्षा जास्त नको. बाकी कडवळ, मका, लसूणघास, आणि जोडीला ज्वारीचा कडबा. हत्तीगवतातही हा दोष थोडाफार आहे, म्हणून पाचही गुंठे त्याचेच करू नका. दोन गुंठे तरी लसूणघास असावा, बांधावर शेवरी असावी. लसूणघास ओला घालू नये, पोट फुगतं, सुकवून कडब्यात मिसळावा. वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवायचा आणि सकाळी वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं, खालचा गाळ नाही. शिवाय क्षार मिश्रण रोज आंबोणात.

एक गोष्ट उलटी वाटेल. गाय व्यायच्या आधी दोन-तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची आपल्याकडं घाई असते. ती करू नये. त्या दिवसांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं तर जनावराचं शरीर हाडांतून ते काढायला विसरतं आणि व्याल्यावर नेमकं अडतं. बाटली द्यायची ती व्याल्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. आणि जनावर बसलंच तर घशात काहीही ओतू नका. त्याला गिळता येत नसतं, ओतलेलं फुप्फुसात जातं. आमच्या गाईला रोगानं मारलं की आमच्या नळीनं, हे आजही आम्ही सांगू शकत नाही. छातीवर बसतं करावं, दोन्ही बाजूंना पाचटाच्या पेंढ्या लावाव्यात, आडवं पडू देऊ नये, आणि रात्रीचे बारा असले तरी डॉक्टरांना फोन लावावा. शिरेतून सलाईन लागतं. ते आपण टोचायचं नाही, चुकलं तर हृदय थांबतं.

त्या वस्तीवरच्या गव्हाणीतलं निम्मं वाढं आम्ही त्याच दिवशी बाजूला काढायला लावलं. पुढं तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला, गाय व्याली, उभी आहे, वैरण खातेय.

वाढ्याची चैन आता तशीही कमी होत चालली आहे. यंत्रानं तोडणी झालेल्या रानात वाढं तुकडे होऊन पसरतं, मोळी बांधण्याजोगं हाताला लागत नाही. मजूर टोळी असली तर वाढं बहुतेक त्यांच्याच वाट्याला जातं. त्यामुळं ज्यांची सगळी दावण वाढ्यावर उभी आहे त्यांनी मक्याच्या मुरघासाचा विचार आत्ताच करावा. कणसात चीक भरल्यावर मका कापावा, कुट्टी करून पिशवीत दाबून भरावी, हवा राहू देऊ नये. दीड-दोन महिन्यांत तयार होतो आणि एप्रिल-मेची चणचण भागते.

दुपारी वहिनींनी दुधाचा हिशेब दाखवला. उसाचं बिल हे हंगामाचं. ते कर्जाला, लग्नाला, विहिरीच्या गाळाला जातं. किराणा, शाळेची फी, आजींची औषधं, हे सगळं दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर चालतं. अडचणीला एखादा बोकड, पाहुणा आला तर कोंबडीची अंडी. पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत त्या गोठ्यात वहिनींचे पाच-साडेपाच तास गेले, आम्ही घड्याळ लावून पाहिले. सभासदांचा दीड तास. दुधाचं खातं मात्र सभासदांच्या नावावर. आम्ही पाहुणे, पण विचारलं. सभासद म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. आमचं म्हणणं, ज्या हाताला शेण लागतं त्या हाताच्या नावावर बिल जमा व्हावं. डेअरीत अर्ज एका पानाचा आहे.

लसीकरणाचं विसरू नका. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी, शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा काय धावपळ झाली ती सर्वांनी पाहिली आहे. गोचीड आणि माश्यांचा बंदोबस्त आधी असता तर ती कमी झाली असती.

नदीकाठच्या सभासदांसाठी आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा दाव्याला बांधलेली जनावरं जागीच गेली. पावसाळ्यात रात्री सुटणारी गाठ मारावी, गोठ्याच्या दाराशी विळा टांगून ठेवावा, आणि जनावरं कुणाच्या माळावर न्यायची ते जूनमध्येच बोलून ठेवावं. चार दिवसांचा कडबा तिथं आधीच पोचलेला असला तर उत्तम.

ताणकाटे सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत. चुन्याच्या निवळीचं प्रात्यक्षिक दर सोमवारी सकाळी तिथंच होईल, त्याला घरातलं जे माणूस वैरण घालतं त्यालाच पाठवावं. काटा नेताना वहीत सही करावी आणि परत आणताना धुवून आणावा.