पत्र लिहू द्या

पालकहो, रॉकेट बांधून उडवायच्या खेळात रमलेलं तुमचं मूल एक दिवस म्हणालं, "हा खेळ अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी खेळून बघायला हवा, मी त्यांना पत्र लिहितो," तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. "त्यांना दुसरी कामं नाहीत का? आधी अभ्यास कर." माझी मनापासून विनंती आहे, हे वाक्य ओठांवर आलं तरी उच्चारू नका. का, ते सांगते.

अशी मुलं बहुधा 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा संगणकावरचा खेळ खेळत असतात. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीने तो २०११ मध्ये लोकांसमोर आणला. त्यातली हिरवी, बुटकी माणसं बघून आपण त्याला पोरखेळ समजतो, पण त्यातली यानं न्यूटनच्या नियमांनी चालतात. पहिला धडा पहिल्याच दिवशी मिळतो. सरळ वर सोडलेलं रॉकेट कितीही उंच गेलं तरी खाली येतं. कक्षेत टिकायचं तर आडवा वेग हवा. खेळातल्या कर्बिन ग्रहाभोवती तो सेकंदाला सुमारे सव्वादोन किलोमीटर लागतो, आपल्या पृथ्वीभोवती पावणेआठच्या आसपास.

मग येतो दोन यानं जोडायचा प्रसंग. पुढचं यान गाठायचं म्हणून मूल इंजिन पुढच्या दिशेने चालवतं आणि ते यान आणखी लांब जातं. कारण वेग वाढवला की कक्षा मोठी होते आणि फेरीला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या, छोट्या कक्षेत उतरावं लागतं. जून १९६५ मध्ये 'जेमिनी ४' यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटचा रिकामा टप्पा गाठायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही नेमकं हेच नडलं. ते कसलेले वैमानिक होते. आकाशात विमान चालवताना उपयोगी पडणारी जाण कक्षेत उलटी पडते, आणि तुमचं मूल ते स्वतःच्या हाताने शिकतं आहे.

मंगळयान आठवा. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं ते यान जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवतीच फिरत होतं. त्याला थेट मंगळाकडे धाडण्याएवढी ताकद पीएसएलव्ही रॉकेटमध्ये नव्हती. म्हणून यान दर वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन चालवून त्याची कक्षा लांबवत नेली. हा खेळ खेळलेल्या मुलाला त्यामागचं कारण विचारून बघा. पाठ केलेलं उत्तर देणार नाही ते, कागदावर लंबवर्तुळ काढून दाखवेल.

तरीही हा खेळ म्हणजे खरं अवकाश नाही, आणि शास्त्रज्ञांना बोलावण्याचं खरं कारण तिथेच आहे. खेळात यानाला एका वेळी एकच गोल ओढतो. प्रत्यक्षात पृथ्वी, चंद्र, सूर्य सगळेच ओढत असतात. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या ज्या एल-१ बिंदूपाशी आपलं 'आदित्य एल-१' यान जानेवारी २०२४ मध्ये पोहोचलं, तो पृथ्वी आणि सूर्य दोघांच्या ओढीमुळे तयार होतो, म्हणून या खेळात सापडतच नाही. "तो माझ्या खेळात का नाही?" एवढा एक प्रश्न मुलाने विचारला, तर ते पत्र कुठल्याही शास्त्रज्ञाने वाचावं असं झालं.

टायसन यांना अशा चुका दाखवायची हौसच आहे. 'टायटॅनिक'मधलं रात्रीचं आकाश चुकीचं असल्याचं त्यांनी दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांना सांगितलं आणि २०१२ च्या आवृत्तीत ते तारे दुरुस्त झाले. हेच टायसन सतरा वर्षांचे असताना खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी त्यांना स्वतः पत्र लिहून कॉर्नेल विद्यापीठात बोलावलं होतं. बर्फ पडत होता, म्हणून बस आली नाही तर आमच्याकडे राहा, असं सांगून घरचा फोन नंबरही दिला. टायसन पुढे शिकायला हार्वर्डला गेले, पण ती भेट ते आजही सांगतात.

आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा. उत्तर यायचं, त्याखाली त्यांची सही असायची. २० मे २०२५ ला ते गेले. मुलांनी शास्त्रज्ञांना मोकळेपणाने विचारावं ही त्यांनी लावलेली सवय मोडू देणं आपल्याला शोभणार नाही.

तेव्हा पत्र मुलालाच लिहू द्या. इंग्रजी चुकलं तर चुकू द्या, मजकूर तुमचा नको. "माझा खेळ खेळा" एवढ्यावर ते थांबू नये. आपण काय करून पाहिलं, काय घडलं आणि काय समजलं नाही, हे त्यात यावं. पत्र संस्थेच्या पत्त्यावर जावं, उत्तरासाठी ईमेल तुमचा द्यावा, आणि घरचा पत्ता किंवा शाळेचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नये. उत्तर येईलच असं नाही, हेही आधीच सांगा. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींपाशी शास्त्रज्ञ लोकांना भेटतात. तोच प्रश्न घेऊन मुलाला तिथे न्या.

खेळाच्या वेळेला मर्यादा हवीच, ती मुलाशी बोलून ठरवा. खेळासाठी पैसे खर्च करायचे नसतील तर लंडनमधल्या मार्टिन श्वायगर यांनी तयार केलेला 'ऑर्बिटर' फुकट मिळतो. तो अवघड आहे, पण जास्त खरा आहे.

आणि एक गोष्ट या आठवड्यातच करा. टायसन यांना आमंत्रण जाण्याआधी पहिलं आमंत्रण तुम्ही स्वीकारा. मुलाशेजारी बसा, त्याला गुरू करा आणि एक यान कक्षेत नेऊन दाखवा. आपल्या मुलाला काय येतं हे तुम्हाला गुणपत्रिकेपेक्षा तिथे जास्त नीट कळेल.