महाविद्यालयाचे दप्तर आणि क्लाउड सेवा

संत दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय ज्या पासोडीवर लिहिला, ती सुमारे चाळीस हात लांब व चार हात रुंद आहे. चारशे वर्षांपूर्वीचे ते कापड अंबाजोगाईत आजही पाहता येते, कारण पिढ्यानपिढ्या ते सांभाळणारे कोणीतरी होते. याच गावात आज कला, विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांची महाविद्यालये आहेत. त्यांतील लिखाण मात्र आता कापडावर नाही आणि बऱ्याच अंशी कागदावरही नाही. ते कोठे आहे व त्याचा सांभाळ कोणाकडे आहे, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि अध्यापकांनी हाताशी असेल त्या साधनाने वर्ग चालू ठेवले. टिपणे, हजेरीपट, अंतर्गत गुण हे सारे इंटरनेटवरील खात्यांत गेले. वर्ग पुन्हा भरू लागले, तरी ही पद्धत टिकून राहिली, आणि ते योग्यच झाले.

‘क्लाउड’ म्हणजे ढग. हे नाव जरा फसवे आहे. प्रत्यक्षात ती कोठेतरी जमिनीवरच्याच इमारतीत, अखंड वीज व शीतकरण यांच्या आधाराने चालणारी संगणकांची रांग असते. तिच्यातील जागा आपण मोफत अथवा भाड्याने वापरतो. वेब ॲप म्हणजे संगणकात वेगळे न बसविता ब्राउझरमध्येच उघडणारे साधन. विभागातील चार अध्यापक एकच गुणतक्ता एकाच वेळी भरू शकतात, चुकून पुसलेली नोंद मागील आवृत्तीतून परत आणता येते आणि विजेच्या चढउताराने कार्यालयातील संगणक बिघडला तरी माहिती शाबूत राहते. स्वतःचा सर्व्हर ठेवावयाचा तर त्यासाठी इन्व्हर्टर, वातानुकूलन आणि मुख्य म्हणजे जाणकार माणूस लागतो. लहान महाविद्यालयास हा खर्च झेपणारा नाही. मूडलसारखी मुक्त प्रणाली मोफत मिळते, पण ती चालविणारा माणूस मोफत मिळत नाही.

मात्र परक्याच्या कोठारात धान्य ठेवले की कोठाराचे नियम आपले नसतात. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२२ पासून संस्थेमागे एकूण १०० टेराबाइटची मूळ मर्यादा आली. आकडा मोठा वाटतो. पण चार हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेत तो माणशी २५ जीबी होतो, आणि एका तासाची चित्रफीत सहज अर्धा ते एक जीबी जागा घेते.

याहून मोठा धोका घरचाच आहे. विभागाचे सर्व दप्तर एखाद्या अध्यापकाच्या खाजगी खात्यावर असते. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, की गुणतक्ता त्यांच्यासोबत जातो. कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांची नोंद होते. तशीच प्रत्येक खात्याची व फाइलीची मालकी लेखी हस्तांतरित झाली पाहिजे. खाती संस्थेच्या नावाची असावीत व व्यवस्थापक दोघे असावेत. सत्र संपताच सर्व नोंदींची प्रत साध्या, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात वेगळ्या डिस्कवर उतरवून कुलपात ठेवावी. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जिचे विनियम २०२१ मध्ये झाले, विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक जमा होतात. हजेरी, प्रात्यक्षिकांच्या नोंदी वा चाचणीच्या उत्तरपत्रिका तेथे नसतात. गुणांविषयी तक्रार आली म्हणजे नेमके हेच कागद मागितले जातात.

शिष्यवृत्तीच्या याद्यांबाबत विशेष दक्षता हवी. त्यांत जात, आधार क्रमांक, बँक खाते अशी माहिती असते. ‘दुवा असलेल्या कोणासही पाहता येईल’ ही सोय निवडून ती यादी व्हॉट्सॲप गटावर टाकली, की ती गावभर झाली असे समजावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर असा निष्काळजीपणा केवळ गैरसोयीचा राहिलेला नाही.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने पाहू. तालुक्यातील खेड्यातून येणाऱ्या मुलाजवळ बहुधा एकच मोबाइल असतो, आणि तोही कधी घरात सामाईक. एक तासाचे व्याख्यान ३२ किलोबिट गतीने केवळ ध्वनिमुद्रित केले, तर ते सुमारे १४ एमबी भरते. चित्रफितीच्या तुलनेत ही जागा नगण्य होय. फळ्याची छायाचित्रे व ध्वनिफीत एवढे दिले तरी पुष्कळ विषयांत काम भागते. अभियांत्रिकी आरेखन किंवा शरीररचनाशास्त्र यांना अर्थातच चित्र हवे. ते फोनवर उतरवून घेता येईल असे असावे, म्हणजे रेंज नसतानाही पाहता येईल.

येथे पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. भारतनेटची जोडणी जेथे पोहोचली व चालू आहे, तेथे ती बहुधा ग्रामपंचायत कार्यालयातच थांबलेली असते. आणि महाविद्यालयातून मुले गावी परततात तेव्हा कार्यालयास कुलूप असते. शेजारच्या शाळेच्या खोलीपर्यंत एक तार व एक वाय-फाय यंत्र नेले, तर सायंकाळी दोन तास ती जोडणी मुलांना वापरता येईल. हा विषय पुढील ग्रामसभेपुढे ठेवता येण्याजोगा आहे.