कणेरीचे गाव आणि विद्यार्थ्यांचे गाव

कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरांवर कणेरी येथे सिद्धगिरी मठाच्या परिसरात ग्रामजीवनाचे एक संग्रहालय आहे. सुमारे सात एकरांच्या मोकळ्या आवारात सिमेंटच्या जवळजवळ तीनशे मूर्तींच्या द्वारे जुने स्वयंपूर्ण खेडे तेथे उभे केले आहे. गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भंडारा रोड व तुमसर रोड येथे थांबते. तथापि प्रवास एका अहोरात्रीहून लांबीचा असल्याने लहान वर्गांची सहल तेथे नेणे कठीणच. ज्या शाळांना ते शक्य नाही, त्यांनी छायाचित्रांवरून हा पाठ घेण्यास हरकत नाही.

स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये ‘स्कान्सेन’ हे असे संग्रहालय उघडले. तेथे ठिकठिकाणची जुनी घरे आणून उभी केली असून, त्या काळचा वेष केलेली माणसे त्यांत वावरतात व कामे करून दाखवितात. कणेरीस मूर्ती आहेत. लोहाराच्या मूर्तीने उचललेला घण खाली येत नाही. म्हणून लोखंड किती तापवावे, भाता कोणी चालवावा, हे शिक्षकानेच सांगितले पाहिजे. याहून महत्त्वाची गोष्ट मोबदल्याची. बलुतेदारास वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्य मिळे. ते किती, हे ठरविणे बहुधा त्याच्या हाती नसे. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांस तर गावाची कामे चुकत नसत, आणि गावाच्या विहिरीवर मात्र पाणी भरता येत नसे. या वतनी बंधनांत बदल व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. सुबक मूर्ती पाहून हे मुलांस आपोआप कळणार नाही. ते सांगण्यास शिक्षक संकोचला, तर मुले जुन्या गावाची केवळ शोभा घेऊन परततील.

दुसरे असे की, कणेरीचे गाव पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाचे आहे. भंडाऱ्याच्या मुलाने तेथे उभे राहून ‘यात तलाव कोठे आहे?’ असे विचारले, तर सहल सार्थकी लागली असे समजावे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांवर पिकणारे धान, ढिवरांची मासेमारी, ऐनाच्या झाडांवर वाढविलेले कोसे व आंधळगावचे कोष्ट्यांचे माग, हे या जिल्ह्याचे ग्रामजीवन होय. येथे मालगुजार होता. जिल्हा मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने ती पद्धत संपली. ‘मामा तलाव’ या नावातील ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, ही गोष्ट तलावाच्या पाळीवरून रोज शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांस ठाऊक नसते!

सहलीनंतर निबंध लिहवून घेण्याची प्रथा आहे. त्याऐवजी मुलांनी गावातील वृद्धांकडे जावे. तलावाचे पाणी प्रथम कोणाच्या बांधीत जाई, शेवटच्या बांधीस ते पुरे की नाही, पाळ फुटल्यास मातीकामास कोणी जावे लागे, हे विचारून लिहून घ्यावे. एकाच प्रश्नाची उत्तरे दोन घरांत निराळी आली, तर दोन्ही जशीच्या तशी लिहावी. शिक्षकाने त्यांतील एक खोडू नये. एखादे जुने माप किंवा मागाचा धोटा कोणी देऊ केल्यास तो कोणाच्या घरचा व कधीपासून वापरात नाही, हे चिठ्ठीवर नोंदवून मगच वर्गात ठेवावा.