गर्भिणी, तंबाखूची धूळ आणि बालकाचे कोष्ठ

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. सुपात तंबाखू व तेंदूची पाने घेऊन चालणारे हे काम अनेक स्त्रिया गर्भारपणातही करतात. अशी गर्भिणी ‘मी तंबाखू खात नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते आणि आम्ही वैद्य ‘व्यसन नाही’ अशी नोंद करून मोकळे होतो. परंतु निकोटिन त्वचेतून आणि श्वासावाटे जाणाऱ्या धुळीतून शरीरात शिरते व अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते.

बालकाच्या आतड्यातील उपकारक जीवाणू मुख्यत्वे प्रसूतीच्या वेळी व त्यानंतर मातेकडून येतात. स्तन्यातील काही शर्करा बालकास पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम जीवाणूंचे पोषण करतात. गर्भारपणी धूम्रपान केलेल्या मातांच्या बालकांत आतड्यातील जीवाणूंचे प्रमाण बदललेले काही अभ्यासांत आढळले आहे. विडी वळण्यात विषाची मात्रा व मार्ग भिन्न असल्याने तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि सावधगिरीस तो पुरेसा आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगताना सहज कृमी वगळले आहेत. त्यांत आजचे उपकारक जीवाणू पाहण्याचा मोह होतो. पण हे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. त्याच अध्यायातील चिकित्सासूत्र मात्र येथे मार्गदर्शक ठरते: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. गर्भिणीस विष काढण्याच्या नावाखाली विरेचनादी शोधन देणे धोक्याचे. पारद वा नाग असलेली रसौषधे देणे म्हणजे विषात भर घालणे. म्हणून निदानपरिवर्जन हाच खरा उपाय होय.

‘काम सोडा’ असे सांगणे सोपे आहे. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घरास ते परवडत नाही. जिला शक्य असेल तिने गर्भारपणात काम थांबवावे. इतरांनी हवेशीर जागी बसावे, तंबाखू स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावी, ओल्या हातांनी हाताळू नये आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. प्रसूतीनंतर कामाचे वस्त्र बदलूनच बाळास घ्यावे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान करावे.

वैद्यबंधूंनो, केसपेपरवर ‘व्यसन’ या रकान्याशेजारी ‘व्यवसाय’ हा रकानाही असू द्यावा, आणि तो गर्भिणीस विचारूनच भरावा.