आधी जोड बघा, मग स्टिकर

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने बीएमएक्स चालवतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच कंबरेची चौकशी करतात. पण मोठ्या चाकांची बीएमएक्स, म्हणजे क्रूझर, निघाली तीच वाढलेल्या अंगाच्या लोकांसाठी. मी दक्षिण कॅलिफोर्नियात, लाँग बीचजवळ राहतो. हा सगळा खेळ याच पट्ट्यात जन्मला. श्विनने १९६३ साली वीस इंची चाकांची, उंच हँडलची स्टिंग-रे काढली. पुढे इथली पोरं तिच्यावर बसून मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करत मातीच्या उंचवट्यांवरून उडायला लागली. ब्रूस ब्राउनच्या १९७१ सालच्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाच्या सुरुवातीलाच ती दिसतात. स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाचा शाळकरी मुलगा तर लाँग बीचमध्ये चक्क शर्यती भरवत होता. त्यानेच पुढे एसई रेसिंग ही सायकल कंपनी काढली. पोरांची उंची वाढली, वीस इंचीवर गुडघे हँडलला लागायला लागले, आणि २४ व २६ इंची चाकं आली. एसईच्या २६ इंचीचं नावच ओएम फ्लायर. ओएम म्हणजे ‘ओल्ड मॅन’. त्यामुळे वयाची लाज बाळगायचं कारण नाही. काळजी करायची ती सायकलच्या वयाची.

इथे रविवारी जुन्या सायकलींचे बाजार भरतात. तिथे लोक आधी काय बघतात? स्टिकर. मग रंग, मग सीटवरचा शिक्का. अशाच एका बाजारात मी ऐंशीच्या दशकातली २४ इंची ॲल्युमिनियमची क्रूझर घेतली. रंग काचेसारखा, स्टिकर ताजे. विकणारा गृहस्थ गोड बोलत होता. “माझ्या भावाची, गॅरेजमध्येच पडून होती,” म्हणाला. काही आठवड्यांनी फुटपाथवरून खाली उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. हेडसेटचे छर्रे असतील म्हणून मेकॅनिककडे नेली. त्याने छर्रे बघितलेसुद्धा नाहीत. सायकल उलटी टांगली, टॉर्च आडवा धरला आणि पुढचा चिमटा ज्या नळीत बसतो तिच्याखाली, खालची तिरकी नळी मिळते त्या सांध्यावरून जुन्या बनियनचा तुकडा फिरवला. एका जागी कापडाचा धागा अडकला. तिथला रंग त्याने ब्लेडने खरवडला तर आत वेल्डिंगवर वेल्डिंग! मूळचा टाका नाण्यांची चवड कलती करावी तसा एकसारखा होता, वरचा मात्र फुगीर आणि खडबडीत. त्याच्या कडेने केसाएवढी चीर बोटभर पुढे सरकलेली होती. फ्रेम कधीतरी तडकली होती, कोणीतरी ती झाळली होती आणि झाकण्यासाठी रंग मारला होता. तो विक्रेता पुन्हा त्या बाजारात दिसला नाही.

ती फ्रेम आता भिंतीवर आहे. चालवण्यासाठी तिचा उपयोग शून्य.

यातलं शास्त्र समजून घ्या, कारण विकणारा ते सांगत नाही. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक हिसका त्याच्या खात्यावर जमा होतो, म्हणून चाळीस वर्षं उड्या खाल्लेली फ्रेम दिसायला नवी असली तरी आतून थकलेली असू शकते. दुसरं असं, की सायकलींना वापरतात ते ६०६१ ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ मऊ पडतं. कारखान्यात म्हणूनच फ्रेम पुन्हा तापवून तिला मूळची ताकद आणतात. गल्लीतल्या वेल्डरकडे ती भट्टी नसते. शिवाय जुना रंग काढायला कॉस्टिक वापरलं असेल तर ते धातूही खातं. थोडक्यात, जुन्या ॲल्युमिनियमवर नवा कोरा रंग दिसला की मला आनंद होत नाही, संशय येतो. उडालेला, ओरखडे पडलेला मूळ रंग मला जास्त विश्वासाचा वाटतो. संग्राहकही त्यालाच जास्त पैसे मोजतात, ही गंमत वेगळी.

टायरचा घोळ यापेक्षा किरकोळ, पण डोकं खाणारा. आपल्याकडे बावीस किंवा चोवीस इंची सायकल म्हटलं की बहुधा फ्रेमचं माप असतं. इथे ते चाकाचं असतं. त्यातही २४ × १.७५ आणि २४ × १ ३/८ हे टायर एकमेकांच्या रिमवर चढत नाहीत. पहिल्याचं रिम ५०७ मिलिमीटरचं, दुसऱ्याचं ५४०. सव्वीसमध्येही तेच: १.९५ वाला ५५९ चा, १ ३/८ वाला ५९०. टायरच्या कुशीवर हा तीन आकडी नंबर कोरलेला असतो. दुकानात इंच सांगू नका, तोच सांगा. हँडलच्या दांड्यालाही असंच दुखणं आहे. जुन्या बीएमएक्सच्या चिमट्यात २१.१ मिलिमीटरचा दांडा जातो, साध्या सायकलींचा असतो २२.२ चा. काही महाभाग तो कानस मारून बसवतात. जुनी सायकल घेताना दांडा बाहेर काढायला सांगा. अंगावर कानशीचे ओरखडे असतील किंवा काढण्याआधी किमान खोलीची खूण वर राहिलेली दिसत असेल तर तो दांडा फेकून द्या.

आता चालवण्याबद्दल. बहुतेक क्रूझरना फक्त मागचा ब्रेक असतो, त्यामुळे थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. उतारावर हे विसरू नका. हल्ली २९ इंची बिग रिपरसारख्या सायकलींवर टोळक्याने पुढचं चाक उचलून रस्ताभर फिरायची फॅशन आहे. पोरं सुंदर चालवतात, बघत राहावं. आपण करायचं तर गवतावर करा आणि मागच्या ब्रेकवरचं बोट क्षणभरही काढू नका. तोल मागे गेला की ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक खाली येतं. बोट नसेल तर माणूस पाठीवर पडतो, हात मागे टेकतो, आणि आपल्या वयात मनगट लवकर बोलतं. हातमोजे आणि हेल्मेट यावर वाद घालायला मला वेळ नाही.

जुन्याच नावाने निघणाऱ्या नव्या आवृत्त्यांनाही संग्राहक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. एसई आजही ओएम फ्लायर विकते, आणि ज्याला खरोखर चालवायचं आहे त्याने तीच घ्यावी. मात्र नवीची जुनी म्हणून किंमत मोजू नका. खालच्या क्रँकच्या नळीवर किंवा मागच्या चिमट्यावर कोरलेला नंबर बघा, त्याचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवा.

नाशिकचा भाचा मागे विचारत होता, “मामा, इथे चालवायची तर कुठली घेऊ?” त्याला सांगितलं, सव्वीस इंची घे, आणि शक्यतो पोलादी फ्रेमची. ५५९ चे टायर-ट्यूब आपल्याकडे साध्या एमटीबीला लागतात तेच, कुठल्याही दुकानात मिळतात; फ्रेमला चीर गेलीच तर पोलाद दुरुस्त करणारा कारागीरही सापडतो. जुनी कोणाची मिळाली तर पैसे देण्याआधी जुना बनियन घेऊन जा म्हटलं. तो हसला, पण नेतो म्हणाला.