एकाच दिशेने जाणारा ध्वनी

ध्वनीचा पाठ देताना कर्ण्याचे उदाहरण घेण्याचा प्रघात आहे. ‘कर्ण्यामुळे आवाज एकाच दिशेने जातो’ असे वाक्य फळ्यावर लिहिले जाते व पाठ पुढे सरकतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. कर्णा आवाज एका बाजूस एकवटतो. त्याच वाटेने उलट येणाऱ्या आवाजास तो अडवीत नाही. जाड पुठ्ठ्याचा कर्णा करून एका मुलाने त्यातून बोलावे. मग त्याचेच निमुळते तोंड कानाशी धरून वर्गाच्या दुसऱ्या टोकाचे हळू बोलणे ऐकावे. (कानाशी धरलेल्या कर्ण्यात कोणी ओरडणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.) ते बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते. बोलणारा व ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी स्थिर हवेत ध्वनीची वाट दोन्हीकडून सारखीच राहते. लॉर्ड रॅले यांच्या १८७७-७८ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात या तत्त्वाचे विवेचन आहे.

हवा वाहू लागली की हा सारखेपणा मोडतो. वाऱ्याच्या दिशेस असलेल्या वस्तीत शाळेची घंटा ऐकू येते, उलट बाजूच्या वस्तीत येत नाही, हा मुलांचा नित्याचा अनुभव होय. ‘वारा आवाज उडवून नेतो’ हे उत्तर मात्र पुरेसे मानू नये. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. त्यापुढे पाच-दहा मीटरांचा वारा तो काय! खरे कारण असे की, वारा जमिनीलगत मंद व वर वेगवान असतो. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध निघालेला ध्वनी वर वळून ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि वाऱ्याबरोबरचा खाली वळतो.

वाहत्या हवेच्या याच गुणाचा, परंतु निराळ्या रीतीने, उपयोग अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात आंद्रेआ अलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका पोकळ कड्यास समान अंतरावर तीन तोंडे ठेवून आतील हवा लहान पंख्यांनी गोल फिरविली. एका तोंडातून शिरलेला ध्वनी कड्यात दोन्ही अंगांनी फिरतो. एक भाग हवेबरोबर, दुसरा हवेविरुद्ध. हवेचा वेग नेमका साधला असता दोन्ही भाग एका तोंडाशी परस्परांस पूरक होतात व दुसऱ्या तोंडाशी परस्परांचा लोप करतात. पहिल्यातून निघालेला ध्वनी दुसऱ्यात पोहोचतो. दुसऱ्यातून निघालेला मात्र पहिल्याकडे न परतता तिसऱ्यात जातो. दोन्ही दिशांतील फरक ४० डेसिबेलपर्यंत, म्हणजे ऊर्जेत दहा हजार पट, आढळला. हे ठरावीक स्वराच्या आसपासच साधते. पंखे थांबविले की ध्वनी उरलेल्या दोन्ही तोंडांत सारखा वाटला जातो.